सर्वसाधारण जागा

जनकाबाई डोंगरदिवे सावरखुट्याची सरपंच झाली, तेव्हा तिची लेक मंजुश्री बारावीला होती. सावरखुटा हे चिखली तालुक्यातलं, उंद्रीच्या अलीकडचं गाव. त्या खेपेला सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं आणि हिंमतरावानं जनकाबाईचं नाव पुढं केलं. हिंमतराव म्हणजे आधीचा सरपंच. गावातलं एकुलतं एक कृषी केंद्र त्याचं, सगळ्यात मोठं वावरही त्याचंच. आपल्या वावरात कापूस वेचणारी, मान खाली घालून चालणारी बाई त्याला या कामासाठी सोयीची वाटली. निवडीच्या दिवशी गुलाल सगळा हिंमतरावाच्या अंगावर पडला. ताटाच्या कडेला उरलेला चिमूटभर कोणीतरी जनकाबाईच्या कपाळाला लावला.

पहिली मासिक सभा मंजुश्रीनं ग्रामपंचायतीच्या खिडकीतून पाहिली. सरपंचाच्या खुर्चीत हिंमतराव बसला होता. तिची माय खाली सतरंजीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. ठराव वाचले गेले, माना हलल्या, शेवटी रजिस्टर सतरंजीवर सरकवण्यात आलं आणि मायनं सही केली. ती सही तिला मंजुश्रीनंच शिकवली होती, पाटीवर गिरवून गिरवून. ती याच्यासाठी शिकवली का, असं मनात आलं आणि पोरीची कानशिलं तापली.

"माय, तू खाली काऊन बसली व?" घरी आल्यावर तिनं विचारलं.

"मोठ्या मानसापुढं खुर्चीवर बसू का मंग?"

"सरपंच कोन हाय? तू का तो?"

जनकाबाईनं चुलीत तुराटी सारली. "पोट्टे, आपलं घर ई-क्लासच्या जमिनीवर हाय. सरकारी जमीन हाय ते. हिंमतभाऊनं मनात आनलं तर उद्या सकाळी आपन रस्त्यावर. तेवढं ध्यानात ठेव आन् भाकर खाय."

मंजुश्रीनं ते ध्यानात ठेवलं. भाकर मात्र त्या दिवशी तिनं खाल्ली नाही.

तिचा बाप दयाराम वेगळ्या घडणीचा माणूस. मजुरीनं फवारणी करायचा. पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासातून चालायला लागला की दोन माणसांचं काम एकटा ओढायचा. पण गावात त्याचं नाव होतं ते नकलांसाठी. प्रचाराला आलेला पुढारी सभा आटोपून चिखलीला पोचायच्या आत दयाराम पारावर त्याचं भाषण पुन्हा करून दाखवायचा. 'माह्या शेतकरी बांधवांनो' म्हणताना कोणाचा हात छातीवर जातो, टाळ्यांसाठी कोण कुठं थांबतो, घाम नसताना रुमाल कोण काढतो. लोक पोट धरून हसायचे. मंजुश्री लहानपणापासून हे बघत आली होती. पुढाऱ्याच्या बोलण्यातून हातवारे आणि थांबे काढून घेतले की मागं काहीच उरत नाही, हे तिला शाळेतल्या कोणत्याही धड्याआधी कळलं होतं.

चिखलीच्या कॉलेजात गेल्यावर तिनं वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं. विषय स्त्रियांच्या आरक्षणाचा. ती उभी राहिली आणि सतरंजीवर बसणाऱ्या सरपंचाबद्दल बोलली. त्या सरपंचाचं नाव तिनं घेतलं नाही. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी नंतर तिला बाजूला घेतलं. म्हणाले, "विचार चांगले आहेत तुझे. पण 'मले', 'तुले' असं व्यासपीठावर बरं वाटत नाही. भाषा सुधारलीस तर पुढं जाशील."

"सर, ज्यांच्याबद्दल बोलली ते असंच बोलतात."

"म्हणूनच म्हणतोय ना," ते हसून म्हणाले.

परतीच्या एसटीत ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसली. त्या दिवशी बक्षीस मिळालं नाही याचं तिला काही वाटलं नव्हतं. तो माणूस हसला, ते मात्र तिच्या मनातून कधी गेलं नाही.

मंजुश्री अंगणवाडीत जायला लागली त्या सुमारास गावात बीटी कापूस आला होता. बोंडाला अळी शिवणारच नाही, असं तेव्हा बियाणं विकणारे सांगत होते. दोन-चार वर्षं तसं झालंही. मग रस शोषणारे किडे आले, त्यांच्यासाठी फवारे वाढले. मग गुलाबी अळी आली ती थेट बोंडाच्या पोटात. दोन हजार सतराच्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. शेतकरी घाबरून गेला होता. कृषी केंद्रातून जे देतील ते औषध लोक आणत, एकात दुसरं मिसळत आणि मजुराला सांगत, मार.

हिंमतरावाच्या वावरात त्या दिवसांत दोघं फवारत होते. एक दयाराम, दुसरा फारुख. फारुख त्याच्याहून बराच तरुण, गावच्या मशिदीमागं राहणारा, नुकतीच पोरगी झालेली. तासात उभं राहिलं तरी माणूस दिसत नव्हता एवढं पीक दाट. वारा पडलेला. फवारा पुढच्या झाडाला लागून परत तोंडावर येत होता. दुपारी फारुखला ओकारी झाली. दयारामानं त्याला बांधावर नेलं, पाणी पाजलं आणि हिंमतरावाच्या सालदाराला हाक मारून सांगितलं, "पोट्ट्याले घेऊन जा दवाखान्यात. गाडी सांग मालकाले."

सालदार जाऊन आला. म्हणाला, "भाऊ म्हनतात, एवढा तुकडा झाला की जाऊ."

तो तुकडा दयारामानं एकट्यानं पुरा केला. संध्याकाळी गाडी आली तोवर फारुखच्या तोंडाला फेस होता आणि दयारामाला गाडीचं दार चाचपडून शोधावं लागलं.

बुलडाण्याच्या दवाखान्यात फारुख गेला. दयाराम वाचला. पण त्याची नजर गेली ती पुरती परत आली नाही. उजेड कळायचा, समोर कोणीतरी उभं आहे एवढं कळायचं. मंजुश्री खाटेजवळ वाकली तर तो म्हणाला, "जनका हायेस का?" तिनं "नाई बाबा, मी हाय," म्हटलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीवर मूठ मारली. बोटांची सालं निघाली. ते तिला घरी येईपर्यंत कळलंही नाही.

चौकशी लागली. कारण असे मजूर त्या वर्षी पार दूरदूरपर्यंत मेले होते, पेपरात येत होतं. एक साहेब गाडीतून आला. ग्रामपंचायतीत बसला. हिंमतराव त्याच्या शेजारच्या खुर्चीत. साहेबानं विचारलं, "मजूर दारू पीत होते का?"

"गावच्या सरपंचालाच विचारा ना साहेब," हिंमतराव म्हणाला. "त्यातल्या एकाची तर बायकोच हाय ते."

जनकाबाई सतरंजीवरून उठून उभी राहिली होती. दारात मंजुश्री होती, तिच्यामागं फारुखची बायको नूरजहां, कडेवर पोर घेऊन. जनकाबाईनं दाराकडं पाहिलं नाही. जमिनीकडं बघत ती म्हणाली, "घेत होते. दोघंबी. त्या दिवशीबी घेतली होती."

नूरजहांच्या तोंडून फक्त "या अल्ला" एवढं निघालं.

दयारामानं उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. दीक्षेच्या वेळी त्याच्या आजानं जे सोडलं ते घरात कोणी पुन्हा धरलं नव्हतं. फारुख तर पानसुद्धा खात नसे. गावातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, हिंमतरावाला तर सगळ्यात जास्त. पण साहेबाला जे हवं होतं ते मिळालं आणि तो चहा पिऊन गेला.

मंजुश्रीनं घरी मायला एकच विचारलं, "काय म्हनला होता तो तुले?"

"घर पाडन म्हनला. दवाखान्याची गाडीबी बंद करन म्हनला. तुह्या बापाले डोळे दाखवाले न्या लागते अजून."

"आन् नूरभाभी? तिच्या लेकराचं काय?"

जनकाबाईनं तोंडात पदर घेतला. मंजुश्रीला त्या रडण्याचीही चीड आली. त्या दिवसापासून ती मायशी बोलायची बंद झाली. एकाच घरात राहून, एकाच चुलीवरचं खाऊन ती मायशी बोलत नव्हती. बोलायचं असेल तर बापाला सांगायची आणि आंधळा बाप मधल्या मध्ये निरोप पोचवायचा.

नूरजहांला घेऊन ती कार्यालयांच्या चकरा मारू लागली. चकरांचा हिशेब तिनं ठेवला नाही, पण प्रत्येक ठिकाणच्या बाकड्याचा रंग तिला पाठ झाला. शेवटी एका कार्यालयात एका अधिकाऱ्यानं चष्मा वर सरकवून विचारलं, "तू कोण मुली? वकील का?"

"गावातली हाय."

"मग गावातल्या सरपंचाला जाऊन विचार. मजूर नशेत होते हे त्यांचंच म्हणणं आहे. मी काय करणार त्याला?"

"ते सरपंच माही माय हाय. आन् ते खोटं बोलली."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. "आधी घरातलं भांडण मिटवा बाई," अधिकारी म्हणाला.

बाहेर आल्यावर नूरजहां पायरीवर बसली. "मंजू, छोड दे बाई आता. मह्या नशिबात हेच हाय."

"नशिबाचं नाव घेऊ नको भाभी. नशिबानं गाडी थांबवली नव्हती. हिंमतरावनं थांबवली होती." ती एवढ्या मोठ्यानं बोलली की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. बघू देत, असं तिला वाटलं. पहिल्यांदाच कोणीतरी बघत होतं.

पुढच्या पावसाळ्यात, पऱ्हाटी गुडघ्याला लागली तेव्हा मंजुश्रीनं फवारणी करणाऱ्या सगळ्या मजुरांना बुद्धविहारासमोर बोलावलं. विहाराच्या वस्तीतले आले, मशिदीमागचे आले, मराठ्यांच्या आळीतले दोघं-तिघं भूमिहीनही आले. तिनं भाषण केलं नाही. बापाला पुढं आणून बसवलं आणि म्हणाली, "यांच्या डोळ्यांकडं बघा. आन् मंग सांगा, उद्या पंप उचलनार का?"

ठरलं ते साधं होतं. हातमोजे, चष्मा आणि तोंडाला धड मास्क दिल्याशिवाय, औषध मालकानं समोर उभं राहून कालवल्याशिवाय आणि वावराच्या बांधावर गाडी असल्याशिवाय पंप कोणी उचलायचा नाही. सावरखुट्यात फवारणी बंद पडली.

मग गावानं आपला हात दाखवला. वस्तीतल्या बायांना निंदणाला कोणी बोलावेना. किराण्याच्या दुकानात उधारी बंद झाली, पुढं रोखीनंही "माल संपला" ऐकायला मिळू लागलं. पिठाची गिरणी जाकीरची होती. त्याला निरोप गेला, त्यांचं दळण घेऊ नको. जाकीरनं निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "माह्या गिरनीले डोळे नाई बाप्पा, दाना कोनाचा ते तिले दिसत नाई." आणि दळत राहिला. आठवडाभरात रात्रीतून कोणीतरी त्याच्या गिरणीचा पट्टा कापला. त्यानं दुसरा आणला.

हिंमतरावानं जळगाव जामोदकडून मजूर मागवले. सकाळच्या एसटीनं ते येणार हे कळल्यावर मंजुश्री बापाचा हात धरून फाट्यावर जाऊन उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याची ती माणसं, गाठोडी घेऊन उतरली. दयाराम त्यांच्या दिशेनं अंदाजानं वळला. नकला करणारा तो माणूस त्या दिवशी अगदी हळू, स्वतःच्या आवाजात बोलला.

"भाऊ हो, मले तुम्ही दिसत नाई. आवाजावरून पोट्टे वाटता. मी गेल्या साली याच वावरात होतो. माह्या संगं एक तुमच्याच वयाचा होता. मालक तुम्हाले चांगला रोज देईन. घ्या लागला तर घ्या. पन दुपारी ओकारी आली तर गाडी मागा. देते का बघा."

मजुरांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांच्यातल्या वयस्कर माणसानं पुढं होऊन दयारामाच्या पायाला हात लावला. तीच गाडी पुढून वळून परत आली, तेव्हा ते सगळे तिच्यात चढले.

वामनराव त्याच सुमारास विहारापाशी आला. वामनराव मराठ्यांच्या आळीतला, थोड्या वावराचा धनी, हिंमतरावाच्या भावकीतला. तो आलेला बघून सगळे सावरून बसले. तो उभ्यानंच म्हणाला, "मी माह्या वावरात माह्याच हातानं फवारतो. मलेबी झळझळ होते डोळ्याले. बियानं घेताना म्हने अळी येनार नाई. अळी आली तर म्हने औषध घ्या. औषधानं मानूस मेला तर म्हने मास्क काऊन नाई घातला. बियानंबी हिंमतच्याच दुकानातलं, औषधबी त्याचंच. आमाले काय येडे समजते का तो?" आणि तो खाली मातीत बसला, मजुरांच्यात. मंजुश्रीला तेव्हा कळलं की राग तिच्या एकटीच्या घरातला नाही. तो बराच पसरलेला आहे, फक्त प्रत्येक जण आपापल्या घरात कडी लावून तो गिळत बसला आहे.

ग्रामसभा झाली ती या सगळ्यानंतर. हिंमतरावानं ती बोलावली होती, संप करणाऱ्यांना दम भरायला. गाव लोटलं होतं. मंजुश्री उठली आणि फारुखचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा सांगितला. हात कुठं छातीवर नेला नाही, टाळ्यांसाठी कुठं थांबली नाही. "तुकडा झाला की जाऊ, असं म्हननारा मानूस इथंच बसला हाय," ती म्हणाली. "मी त्याले विचारते, फारुखचा जीव केवढ्या तुकड्याचा होता?"

"खाली बस ए पोट्टे!" हिंमतराव ओरडला. "दारुडे होते दोघंबी. तुह्या मायनंच सांगितलं हाय. विचार तिले!"

जनकाबाई सतरंजीवर होती. सगळ्या गावानं तिच्याकडं पाहिलं. ती हात टेकून उठली. नूरजहां बायांच्या घोळक्यात होती, तिच्याकडं बघून जनकाबाई म्हणाली, "मी खोटं बोलली. ना माह्या मानसानं दारू पेली, ना तुह्या. यानं मले घर पाडाची धमकी देल्ली होती. मी भेली."

"जनका, बस खाली," हिंमतराव म्हणाला.

"नाई बसत."

एवढंच. पण गावात ते दोन शब्द पुढं कितीतरी दिवस फिरत राहिले.

मंजुश्री मायच्या गळ्यात पडली, असं काही झालं नाही. तिचा राग एवढ्यावर निवणारा नव्हता. वर्ष उलटून गेलं होतं, एका बाईनं त्या खोट्यापायी उंबरे झिजवले होते. घरी जाताना तिनं मायला फक्त म्हटलं, "भाभीच्या घरी जाऊन ये." लेक आपल्याशी थेट बोलली होती, हे जनकाबाईला वाटेत कधीतरी उमगलं.

दिवाळीच्या आधी पिवळं जेसीबी आलं. अतिक्रमण म्हणे. आदेश कोणाचा, कोणी सांगेना. वस्तीत रांगेनं तशीच घरं होती, पाडलं ते डोंगरदिव्यांचंच. अर्धी भिंत आणि चुलीकडची बाजू गेल्यावर यंत्र थांबलं, कारण वस्ती समोर आडवी बसली. जनकाबाई विटांच्या ढिगावर बसून होती. बाया समजूत घालायला आल्या तर ती म्हणाली, "आता कायचं भ्या दाखवन तो मले?"

बंद फवारणीसमोर हिंमतरावाला शेवटी नमावं लागलं, पीक हातचं चाललं म्हणून. मोजे आले, चष्मे आले. नूरजहांची चौकशी पुन्हा उघडली, रखडली, पुन्हा उघडली आणि खूप उशिरा सरकारी मदत मंजूर झाली. मंजुश्री आनंदानं सांगायला गेली तर नूरजहां पोरीचे केस विंचरत म्हणाली, "मदत मिल गई मंजू. पर गावभर 'शराबी' बोले थे उनको. वो कौन वापस लेगा?" मंजुश्री तिथंच बसून राहिली.

जनकाबाईची मुदत संपली, करोनाचं वर्ष गेलं आणि दोन हजार एकवीसच्या जानेवारीत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. मंजुश्रीनं पॅनेल उभं केलं. त्यात जाकीर होता, वामनराव होता, मराठ्यांच्याच आळीतली सत्यभामाबाई होती, वस्तीतला आणखी एक जण होता. नऊ जागांपैकी पाच त्यांच्या आल्या. गावात आजवर असं झालं नव्हतं.

त्या वेळी सरपंचपदाची सोडत निकालानंतर निघाली. सावरखुट्याला निघालं, सर्वसाधारण. म्हणजे खुली जागा.

हिंमतरावाच्या दारात फटाके वाजले. हरलेल्या माणसाच्या दारात फटाके का वाजतात, हे मंजुश्रीला लगेच कळलं. गावात दुपारपर्यंत सगळीकडं एकच बोलणं सुरू झालं. आता कसं काय, तिची पाळी तर गेली. ज्यांनी तिला मत दिलं होतं तेही समजुतीच्या सुरात म्हणू लागले, "ताई, उपसरपंच घ्या. खुली जागा हाय ना ते." त्यात आपण काही वावगं बोलतोय असं कोणाला वाटतही नव्हतं. मंजुश्रीचं डोकं भणभणलं ते यानंच. शिवी दिली असती तर तिला तोंड तरी देता आलं असतं.

मग कळलं की हिंमतराव वामनरावाकडं जाऊन आला. त्याच्या गटाची चार मतं आणि वामनरावाचं स्वतःचं एक, झाला वामनराव सरपंच. "भावकीतला मानूस हायेस. जागा आपली हाय," एवढंच तो म्हणाला होता.

वामनराव हरभऱ्यात होता. मंजुश्री बांधावरून आली.

"काका, खरं हाय?"

"खरं हाय." तो घाटे चाचपत राहिला. "मंजू, मी काही लालची मानूस नाई. पन घरचे, भावकी, सगळे म्हनून राह्यले. मागच्या खेपेला तुमची पाळी झाली."

"मागच्या खेपेला माह्या मायची पाळी नव्हती काका. हिंमतरावचीच होती. माय सतरंजीवर होती." तिचा आवाज चढला. तिनं तो उतरवला नाही. "आन् हे पाळी कोनती गोष्ट हाय? राखीव जागा निघाली तर आमची, आन् खुली निघाली तर तुमची? मंग सर्वसाधारण कायले म्हनतात? सर्वांमंधी मी येते का नाई, एवढंच सांगा. नाई म्हना, मी जाते."

वामनराव पुन्हा घाट्यांवर वाकला. ती आली तशी बांधावरून परत गेली.

निवडीच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खिडक्यांना माणसं लोंबकळत होती. अर्ज भरायची वेळ होत आली तरी वामनरावानं अर्ज भरला नाही. शेवटी हिंमतरावाच्या गटानं घाईघाईनं आपल्यातल्याच कारभारीचा अर्ज दिला. कारभारी हा हिंमतरावाचा पुतण्या. मतदान हात वर करूनच घ्या, असं त्यांनी सांगितलं. खिडकीत भावकी उभी आहे, तिच्यादेखत वामनराव या पोरीसाठी हात वर करणार नाही, असा त्यांचा हिशेब. गुप्त मतदान मागायचा हक्क मंजुश्रीलाही होता. तिनं मागितलं नाही.

"कारभारी यांच्या बाजूनं?" अधिकाऱ्यानं विचारलं. चार हात वर गेले. वामनराव मान खाली घालून बसला होता.

"मंजुश्री डोंगरदिवे यांच्या बाजूनं?"

मंजुश्रीचा, जाकीरचा, वस्तीतल्या सदस्याचा. सत्यभामाबाईनं तर दोन्ही हात वर केले. एकच करा, असं अधिकाऱ्याला सांगावं लागलं. खिडकीतून कोणीतरी खाकरलं. "वामन, इकडं बघ बे," असा आवाज आला. वामनरावानं खिडकीकडं पाहिलं आणि तिकडं बघत बघतच हात वर केला.

तो हात खाली यायच्या आत बाहेर हलगी वाजायला लागली होती. मंजुश्री सरपंचाच्या खुर्चीत बसली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. फोटो काढणारा पोरगा "ताई, हसा ना" म्हणत होता.

लवकरच तिचं नाव तालुकाभर झालं. पक्षांची माणसं येऊ लागली. चिखलीचा एक पुढारी येऊन सोफ्यावर बसल्यासारखा मोडक्या खाटेवर बसला आणि म्हणाला, "तुमच्यासारखे तरुण पाहिजेत आम्हाला. फक्त जरा राग कमी करा. राजकारणात सगळ्यांना घेऊन चालावं लागतं." अर्ध्या भिंतीवर टाकलेली ताडपत्री त्याच्या डोक्यावर फडफडत होती. मंजुश्रीनं त्याला चहा दिला.

ऑगस्ट आला, पऱ्हाटी पुन्हा वर आली. एके सकाळी मंजुश्री वावरांकडं निघाली असताना तिला वामनरावाच्या तासात पंपाचा आवाज आला. संघपाल फवारत होता. तिच्याच वस्तीतला, संपात पुढं असलेला. हात उघडे. तोंडाला करोनाच्या वेळचा कापडी मास्क, तोही हनुवटीवर उतरलेला. वामनराव बांधावर बिडी ओढत होता.

"बंद कर रे ते!" ती तासात शिरली. "बंद कर म्हनते ना!"

संघपालनं पंप बंद केला. वामनराव उठला. "मंजू, मोजे फाटले होते. उद्या आनतो. आभाय भरून राह्यलं, आज मारलं नाई तर पीक जाते."

"हिंमतरावबी हेच म्हनला होता. एवढा तुकडा झाला की जाऊ."

वामनरावाचा चेहरा एकदम काळवंडला. "त्याच्या रांगेत बसवते मले? मी भावकी तोडली तुह्यासाठी. आजबी कोनी लग्नाले बोलवत नाई आमाले."

"ठाऊक हाय मले. मी विसरली नाई. पन पंप बंद राहीन."

तो बिडी मातीत चुरडून चालता झाला. त्याच्या पाठीकडं बघताना तिला कळत होतं की पाचांतला एक गेला तर पुढच्या सभेला तिच्या हातात काही राहणार नाही. तिनं त्याला हाक मारली नाही.

संघपाल पंप उतरवून उभा होता. तोही तिच्यावरच चिडलेला. "ताई, तुमचं बरोबर असन. पन माह्या आजच्या रोजाचं काय? घरी काय सांगू, सरपंचानं काम बंद केलं म्हनून?"

त्याचं म्हणणं खरं होतं आणि खरं होतं म्हणूनच तिला जास्त राग आला. तो राग कोणावर काढावा, ते तिला समजेना.

"हात धू आधी," ती म्हणाली. "साबन लावून, कोपरापर्यंत."

विहिरीच्या थारोळ्यावर त्यानं हात धुतले. ती उभी राहून बघत होती.

"आता चाल वामनकाकाच्या घरी. आजचा रोज तेच देतील. आन् मोजे आनाले मी आत्ताच उंद्रीले मानूस पाठवते. दुपारून पंप चालू झाला तर मले काही म्हनाचं नाई."

"अन् ते नाई म्हनले तर?"

"तर मी तथीच बसते."

संघपालनं पंप खांद्यावर अडकवला. आभाळ खरंच भरून आलं होतं. दोघं गावाच्या दिशेनं भरभर चालायला लागले.